पशुपालकांची पत्रे : दुष्काळ, छावणी आणि दावणीचा चारा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच चिंतेने लिहिलेली आहेत. पाऊस लांबला, कडब्याची गंज संपत आली, विहिरीने तळ गाठला. आता दावणीच्या जनावरांसाठी सरकारकडून काय मिळू शकेल, कोणाकडे मागायचे आणि किती दिवसांत मिळेल, असा त्या साऱ्यांचा सूर आहे. मी अनेक वर्षे दुष्काळी तालुक्यांत पशुधन विकास अधिकारी म्हणून काम केले आहे. चाऱ्याअभावी मातीमोल किमतीला विकलेली दुभती गाय पुढच्या वर्षी चांगला पाऊस पडला तरी त्या घरात सहसा परत येत नाही, हे मी घरोघर पाहिले आहे. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच प्रश्नांना दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न छापता केवळ तालुके दिले आहेत.

प्रश्न : २०२३ साली दुष्काळी तालुक्यांची पहिली यादी आली, तेव्हा आमच्या जिल्ह्यातील वाई आणि खंडाळा त्या यादीत होते, पण माण नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ भोगणारा तालुका वगळला कसा जातो? आणि यादीत नाव नसेल तर जनावरांसाठी मदत मिळतच नाही का? (माण, जि. सातारा)

उत्तर : आपला संताप रास्त आहे, पण यादी कशी तयार होते हे समजून घेतले तर पुढच्या वेळी कुठे आणि कसा आवाज उठवायचा हे ठरवता येईल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राने त्याच वर्षी नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता आणली आणि राज्यात ती २०१७पासून लागू झाली. पूर्वी दुष्काळ ठरवताना मुख्य आधार पैसेवारीचा, म्हणजे पीक नेहमीच्या मानाने किती आले याच्या सरकारी अंदाजाचा असे. नव्या पद्धतीत प्रथम पावसाची तूट आणि पावसातील खंड पाहिला जातो. त्यानंतर उपग्रहावरून दिसणारी पिकांची व वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल व जलसाठे आणि पेरणीचे क्षेत्र हे निर्देशांक तपासले जातात, आणि शेवटी निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. खरिपासाठी ही सारी प्रक्रिया ऑक्टोबरअखेर संपवायची असते. त्यामुळेच २०१८ साली १५१ तालुके आणि २०२३ साली ४० तालुके ३१ ऑक्टोबरलाच जाहीर झाले.

या हिशेबातील अडचण अशी की पावसाची तूट त्या त्या तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून काढली जाते. ज्या तालुक्याची सरासरीच पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर आहे, तिथे पाऊस थोडा जरी कमी झाला तरी माणसे आणि जनावरे हवालदिल होतात, पण टक्केवारीत ती तूट मोठी दिसत नाही. याउलट भरपूर पावसाची सवय असलेल्या तालुक्यात पावसाने मोठी ओढ दिली की आकडा लगेच बोलू लागतो. कायम कोरडा असलेला भाग कागदावर मागे पडतो तो असा. त्या वर्षी राज्यभर झालेल्या ओरडीनंतर १० नोव्हेंबर २०२३ रोजी आणखी १,०२१ महसूल मंडळांत (तालुक्यातील काही गावांचा गट म्हणजे मंडळ) दुष्काळसदृश स्थिती जाहीर करण्यात आली. तिथे कसोटी सोपी होती : जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरहून कमी. आपण लढायचे असेल तर मंडळाच्या पातळीवर लढावे, असे मी म्हणतो ते यामुळेच. तालुक्याच्या सरासरीत एखाद्या कोरड्या मंडळाचे दुःख बुडून जाते. मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा मात्र सहसा दडवता येत नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुष्काळ किंवा दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाल्यावर ज्या आठ सवलती आपोआप लागू होतात, त्या एकदा शांतपणे वाचून पाहा : जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, पिण्याच्या पाण्यासाठी टँकर आणि पंपाची वीजजोडणी न तोडणे. या आठांत जनावराचे नावही नाही. छावणी (जनावरे एका जागी ठेवून त्यांना चारा-पाणी देण्याची सोय), चारा डेपो, चाऱ्याची वाहतूक, वैरणीचे बियाणे यांसाठी शासनाला वेगळा निर्णय काढावा लागतो, आणि तो निर्णय जिल्ह्यातून जाणाऱ्या टंचाईच्या अहवालावर अवलंबून असतो. म्हणजे आपला तालुका यादीत आला म्हणून जनावरांची सोय झाली असे नव्हे. ती स्वतंत्रपणे मागावी लागते, आणि जे गाव आकड्यांसह मागते त्याची मागणी पुढे सरकते.

मला एका गावचे सरपंच आठवतात. बहुतेक गावांचे ठराव ‘तीव्र चाराटंचाई आहे, तरी तातडीने छावणी मंजूर व्हावी’ एवढ्या एका वाक्याचे येत. हे गृहस्थ मात्र शाळेची दोनशे पानी वही घेऊन आले होते. प्रत्येक घरापुढे मोठी जनावरे किती, लहान किती, शेळ्या किती, कडब्याच्या पेंढ्या किती उरल्या आणि त्या किती दिवस पुरतील हे पेन्सिलीने लिहिलेले होते, आणि शेवटच्या पानावर बेरीज होती : गावाला एकोणीस दिवसांचा चारा. त्या वहीवरून मी अर्ध्या तासात अहवाल तयार केला. आपणही ग्रामसभेत असाच ठराव करावा आणि त्याची एक प्रत तहसीलदारांना, एक पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी. चारा संपल्यावर नव्हे, महिनाभराचा उरलेला असतानाच.

प्रश्न : माझ्याकडे चार गाई आणि दोन म्हशी आहेत. यजमान पुण्याला कामाला असतात, घरी मी आणि सासूबाई आहोत. छावणी निघाली तर सगळी जनावरे घेतील का? तिथे नेमके काय मिळते, आणि दूध टिकेल का? (सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर : ताई, आपण विचारलेला शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

२०१९च्या मोठ्या दुष्काळात राज्यातील छावण्यांमध्ये दहा लाखांच्या आसपास जनावरे होती. सुरुवातीला मोठ्या जनावरामागे दिवसाला ७० रुपये आणि लहानामागे ३५ रुपये असा दर होता. तो पुढे ९० व ४५ आणि मे महिन्यात १०० व ५० रुपये करण्यात आला. मोठ्या जनावराला १५ किलो हिरवा चारा मिळत असे, तो १८ किलो झाला. लहानाला साडेसात किलोऐवजी ९ किलो मिळू लागला. आता हिशेब करू. चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण दहा किलो शुष्क पदार्थ लागतो, म्हणजे चाऱ्यातील पाणी वजा जाता उरणारा भाग. छावणीत बहुतेक वेळा ऊस किंवा उसाचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे मिळतात, आणि अठरा किलो वाढ्यांत असा भाग पाच किलोंच्या आसपास भरतो. एक दिवसाआड मिळणारी थोडी पेंड धरली तरी गरज निम्म्याच्या थोडी पुढे भागते. म्हणजे छावणीतला चारा जनावर जगवण्यापुरता असतो, दुधासाठी नसतो. दूध टिकवायचे असेल तर दुभत्या जनावराला घरून पेंड, सरकी किंवा भरडा आणि रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्यावेच लागेल. नुसत्या वाढ्यांवर फार दिवस ठेवलेल्या जनावराचे शेण पातळ होते, दूध उतरते आणि हाडे ठिसूळ होतात, कारण वाढ्यांतील ऑक्झॅलेट नावाचा घटक शरीरातील चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतो. म्हणून वाढे बारीक तोडून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, शक्य तेवढी कडब्याची कुट्टी मिसळावी, आणि पहिल्या आठवड्यात वाढ्यांचे प्रमाण हळूहळू वाढवत न्यावे.

सगळी जनावरे घेतील का? २०१९च्या सुरुवातीच्या आदेशात एका शेतकऱ्याची जास्तीत जास्त पाच जनावरे घेण्याची अट होती आणि ती पुढे शिथिल झाली. छावणीचा प्रत्येक वेळचा शासन निर्णय वेगळा असतो, म्हणून दाखल होण्यापूर्वी तहसील कार्यालयात तो वाचून घ्यावा. मर्यादा असलीच तर भाकड आणि वयस्क जनावरे छावणीत ठेवून दुभती व गाभण घरी सांभाळावीत, असा माझा सल्ला आहे. लोक नेमके उलट करतात, चांगले जनावर छावणीत पाठवतात आणि महिन्याभरात त्याचे दूध आटवून घेतात.

छावणीत एक माणूस चोवीस तास जनावरांजवळ लागतो, हे आपल्या घरात दोघीच असल्याने आधी ध्यानात घ्या. मोजणी सकाळी होते, कधी अचानकही होते, आणि त्या वेळी खुंट्यावर नसलेले जनावर त्या दिवसाच्या अनुदानातून वगळले जाते. मी पाहिलेल्या छावण्यांमध्ये जनावरामागे राहणारी बहुतेक बायकाच असत. पत्र्याच्या किंवा हिरव्या जाळीच्या सावलीत दोन बाजा, एक चूल, पाण्याचा हंडा आणि शेजारी चघळत बसलेली गाय, असा संसार उन्हाळाभर चाले. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २०१२मध्ये सुरू केलेल्या छावणीत तर हजारो जनावरांबरोबर कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने राहिली होती. आपल्या गावातील तीन-चार घरांनी मिळून पाळ्या लावल्या तर हा भार हलका होतो. सोबत आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि प्रत्येक जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा.

प्रश्न : वैशाखात माझी एक गाय आणि दोन शेळ्या दगावल्या. गावात म्हणाले की दुष्काळात मेलेल्या जनावरांची भरपाई मिळते, पण कार्यालयातून मला परत पाठवण्यात आले. आम्हांला काय करायला हवे होते? (आष्टी, जि. बीड)

उत्तर : आपले नुकसान मोठे आहे, आणि आपल्या पत्रातील तपशिलावरून ते आता भरून मिळणे कठीण दिसते, हे मला जड मनाने लिहावे लागत आहे. गाय पुरून झाल्यावर पाचव्या दिवशी आपण कार्यालयात गेलात, आणि तिच्या कानात बिल्ला नव्हता. या दोन्ही गोष्टी आड आल्या.

अशी भरपाई ज्यातून मिळते त्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो, आणि त्याचे निकष केंद्र ठरवते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये, बैलासाठी ३२,००० रुपये आणि वासरू, गाढव, शिंगरू यांसाठी २०,००० रुपये ठरवलेले आहेत. एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन मोठी दुभती किंवा तीस लहान दुभती, तसेच तीन मोठी किंवा सहा लहान ओढकामाची जनावरे एवढीच मोजली जातात. कोंबडीला शंभर रुपये आहेत, पण घरामागे दहा हजारांपलीकडे नाही. अर्ज करताना त्या वेळी चालू असलेला दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावा.

ही रक्कम मिळायची तर क्रम असा आहे. जनावर दगावले की त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, ज्यांना आपण आजही तलाठीच म्हणतो, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे. दवाखान्याशी संपर्क होत नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर नोंद करायची. पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत जनावर पुरायचे नाही. कानातील बिल्ला स्पष्ट दिसेल असे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवायचे. १ जून २०२४पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यांत मृत्यू आला तरी भरपाई दिली जात नाही, त्याची खरेदी-विक्री आणि वाहतूकही करता येत नाही, आणि सरकारी दवाखान्यातील सेवाही अडते. बिल्ला मारण्यासाठी दवाखान्यात नुसते सांगावे लागते, त्याची नोंद भारत पशुधन प्रणालीत होते, आणि ती आपल्याच नावावर आणि मोबाइल क्रमांकावर झाली आहे ना हे तिथेच तपासावे. हे काम पाऊस चांगला असतानाच उरकून घेतले पाहिजे.

एक अडचण मात्र या साऱ्याहून खोल आहे, आणि ती पशुपालकांच्या बाजूने बोलली गेलीच पाहिजे. पूर आला, वीज पडली तर मृत्यूचे कारण डोळ्यांना दिसते. दुष्काळात जनावर एका दिवसात मरत नाही. ते तीन महिने झिजते, मग साध्या आजाराने आडवे होते, आणि कागदावर आजार लिहिला जातो. अशी अनेक शवविच्छेदने मी केली आहेत. एका बैलाच्या कोठीपोटातून मी सुतळीचे तुकडे, चिंध्या आणि दोन्ही हातांत मावणार नाही एवढा प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा काढला होता, गवत नव्हते. भुकेले जनावर उकिरड्यावर जे दिसेल ते खाते. अशा वेळी डॉक्टरांना विनंती करावी की शरीराची खंगलेली अवस्था, कोठीपोटात काय सापडले आणि चरबीचा अभाव या गोष्टी अहवालात नोंदवाव्यात. ते सत्यच असते, आणि मृत्यूचा दुष्काळाशी असलेला संबंध दाखवण्याचा तोच एक लेखी आधार असतो. साथीच्या रोगाने झालेला मृत्यू या निकषांत येत नाही. लम्पी त्वचारोगाच्या साथीत २०२२मध्ये राज्याने गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये दिले, ते स्वतंत्र निर्णयाने.

पुढच्यासाठी विम्याचा विचार जरूर करावा. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४मध्ये झालेल्या बदलानंतर हप्त्यातील पशुपालकाचा वाटा केवळ १५ टक्के ठेवला आहे आणि उरलेला केंद्र व राज्य मिळून भरतात. विम्यालाही बिल्ला लागतोच.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. दिवाळीनंतर दीडशे मेंढरं घेऊन घाटाखाली उतरतो. छावणी आमच्या काय कामाची? सरकारच्या मदतीत आमचा वाटा कुठे? (फलटण, जि. सातारा)

उत्तर : दादा, छावणीची सारी रचना एका जागी बांधलेल्या गाई-म्हशींसाठी झाली आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे. २०१९च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. एवढी जित्राबे जगवणारी माणसे दुष्काळाच्या धोरणात मात्र फार उशिरा दिसू लागली.

आपल्यासाठी सर्वांत उपयोगी योजना दुष्काळाच्या नावाने ओळखलीच जात नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती (क) प्रवर्गातील धनगर कुटुंबांना, किमान वीस मेंढ्या आणि एक नर असल्यास, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० याप्रमाणे २४,००० रुपयांचे चराई अनुदान मिळण्याची तरतूद आहे. याच योजनेत मेंढ्यांचा गट, सुधारित नर, मुरघासासाठी (हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) यंत्र यांवरही अनुदान आहे. ती पुण्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ राबवते. अर्ज ठरावीक मुदतीत ऑनलाइन घेतले जातात आणि मुदत बहुधा अशी येते की आपण गावी नसता. म्हणून घरी राहणाऱ्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे आपली कागदपत्रे, जातीचा दाखला आणि बँक पासबुक यांच्या प्रती ठेवून जाव्यात.

उतरण्यापूर्वी आंत्रविषार आणि पीपीआर या मेंढ्यांच्या रोगांवरील लस टोचून घ्यावी. भुकेने अशक्त झालेला कळप ओल्या मुलखात गेल्यावर हिरव्या चाऱ्यावर तुटून पडतो, आणि आंत्रविषाराने एका रात्रीत पाच-दहा मेंढरे जातात. मोठ्या कळपात बिल्ले मारणे जिकिरीचे असले तरी टाळू नये, कारण वाटेत लांडग्याने मेंढरे मारली किंवा वीज पडली तर आपण आपल्या गावापासून शंभर-दीडशे किलोमीटर दूर असता आणि ती मेंढरे आपली आहेत हे सांगायला त्या बिल्ल्यावाचून दुसरा साक्षीदार नसतो. पंचनामा मृत्यू जिथे झाला त्याच गावात करून घ्यावा.

प्रश्न : चारा विकत घेण्यासाठी सावकाराकडे न जाता कर्ज मिळेल का? (जत, जि. सांगली)

उत्तर : मिळेल. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९पासून पशुपालनालाही लागू आहे. खाद्य, चारा, औषधे, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी दोन लाख रुपयांपर्यंत सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते आणि वेळेवर परतफेड केल्यास व्याज चार टक्के पडते. १ जानेवारी २०२५पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणाची अट नाही. या कर्जातून जनावरे खरेदी करता येत नाहीत. बँकेने तोंडी नकार दिला तर तो लेखी मागावा.

प्रश्न : आमच्या भागात एकच घोषणा ऐकू येते : ‘छावणी नको, दावणीला चारा द्या.’ आपले मत काय? आणि सरकारची वाट न पाहता आम्ही आतापासून काय करू शकतो? (पाथर्डी, जि. अहिल्यानगर)

उत्तर : माझे मत स्पष्टपणे सांगते. जिथे पाणी पूर्ण संपले आहे आणि टँकर माणसांनाच पुरत नाही, तिथे छावणीला पर्याय नाही, कारण जनावराला चाऱ्याइतकेच पाणी लागते आणि मोठे जनावर उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज पिते. पण जिथे पिण्यापुरते पाणी आहे, तिथे घरच्या दावणीला चारा पोचवणे सर्व बाजूंनी श्रेयस्कर आहे. घरची माणसे मोकळी राहतात, मुलांची शाळा बुडत नाही, शेणखत आपल्याच शेतात पडते, दूध रोजच्या डेअरीवर जाते आणि एका जागी हजारो जनावरे दाटल्याने लाळ-खुरकुताचा जो धोका वाढतो तो टळतो. केंद्राच्या निकषांत छावणीबाहेरच्या जनावरांसाठी चाऱ्याच्या वाहतुकीचा खर्च देण्याची तरतूद आहे. छावणीतील चाऱ्यासाठी मात्र मोठ्या जनावराला दिवसाला ८० आणि लहानाला ४५ रुपये असा दर २०२२च्या निकषांत ठरलेला आहे, आणि त्यापलीकडची रक्कम राज्याला आपल्या तिजोरीतून घालावी लागते. तेवढेच पैसे बिल्ल्याच्या क्रमांकावरून थेट पशुपालकाच्या खात्यात जमा करणे आज अशक्य राहिलेले नाही. त्यावर घेतला जाणारा आक्षेप असा की चारा बाजारातच नसेल तर पैसे घेऊन शेतकरी काय करील, आणि तो आक्षेप खरा आहे. म्हणून पैशाबरोबर चारा डेपो हवाच. जिल्हाधिकारी टंचाईच्या काळात जिल्ह्याबाहेर चारा नेण्यास बंदी घालतात, ती बंदी कागदावर न राहता कडबा भरलेल्या ट्रकला नाक्यावर अडवणारी असावी, ही मागणीही त्याच निवेदनात करावी.

आपल्या हाती असलेल्या गोष्टींपैकी पहिली म्हणजे धरणाच्या फुगवट्यातील गाळपेर जमीन. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या या जमिनीत ओल टिकून असते. २०१८-१९मध्ये शासनाने अशी जमीन चारा पिकांसाठी नाममात्र एक रुपया भाड्याने दिली होती. आपल्या परिसरात मध्यम प्रकल्प किंवा मोठा तलाव असेल तर गावाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच तशी मागणी करावी आणि त्यासोबत मका व ज्वारीच्या वैरणीचे बियाणेही मागावे. ज्वारी पेरली तर एक खबरदारी घ्यावी : पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे हिरवे फुटवे जनावराला चारू नयेत, त्यांत विषारी घटक असतो आणि जनावर काही मिनिटांत कोसळते. फुलोऱ्यावर आल्यावरच ती कापावी.

दुसरी गोष्ट मुरघास. मक्याचे दाणे चिकात असताना तो कापून, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून, पिशवीत किंवा खड्ड्यात पायाने तुडवून दाबून, हवा आत जाणार नाही असा बंद केला की साधारण दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि तोंड उघडेपर्यंत टिकतो. पाऊस बरा असलेल्या वर्षी अर्ध्या एकरातील मका असा साठवून ठेवणारे शेतकरी पुढच्या उन्हाळ्यात छावणीची चौकशीही करत नाहीत, हे मी याच पट्ट्यात पाहिले आहे.

तिसरी गोष्ट, जिच्याकडे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात, ती म्हणजे घरात पडून असलेला निकृष्ट चारा. गव्हाचे काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचे भुसकट, मक्याची वाळलेली ताटे आपण जाळतो किंवा उकिरड्यावर टाकतो. गव्हाचे काड किंवा पेंढा शंभर किलो घेऊन त्यावर चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून झारीने थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर तुडवून दाबावा आणि ढीग प्लास्टिकच्या कागदाने घट्ट झाकून एकवीस दिवस ठेवावा. उघडल्यावर काड मऊ आणि पिवळसर तपकिरी झालेले असते आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. चारण्यापूर्वी ते तासभर पसरून ठेवावे म्हणजे तो वास उडून जातो. सुरुवातीला साध्या चाऱ्यात थोडे थोडे मिसळून द्यावे. सहा महिन्यांखालील वासरांना आणि शिंगरांना हा चारा कधीही देऊ नये, आणि युरियाचे उरलेले पाणी बादलीत तसेच ठेवू नये. तहानलेले जनावर ते पिऊन टाकते आणि मग त्याला वाचवायला वेळ मिळत नाही. पहिला ढीग घालताना जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांना बोलावून घ्यावे. एकदा डोळ्यांदेखत केले की पुढचे ढीग घरातील कोणीही घालू शकते.